शिऱ्यातली गोळी

प्रेषक: सभासद, लेस्टर
विषय: आईच्या गोळ्या आणि केअर होममधली मुलगी

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या तयारीच्या मेलांमध्ये हे मध्येच घुसवतेय, रागावू नका. तीन रात्री झोप नाही.

आई ८१ वर्षांची, डिमेन्शिया. दीड वर्ष इथल्या, इंग्लंडमधल्या केअर होममध्ये आहे. कामापुरतं इंग्रजी यायचं ते गेलं. आता फक्त मराठी उरलीय, तीही तिच्या माहेरची, रत्नागिरीकडची. मार्चमध्ये तिथे नगरकडची एक मुलगी केअरर म्हणून लागली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आई तिला 'बाय' म्हणते.

गेला महिनाभर आई गोळ्या घेत नाही. ओठ मिटून घेते, नाहीतर गालात धरून नंतर थुंकते. ब्लड प्रेशरची आहे, रक्त पातळ करायची आहे. रविवारी मी शिरा करून नेला आणि त्या मुलीला बाजूला घेऊन म्हटलं, "बाळा, रोज चमचाभर शिऱ्यात चुरून दे. तिला कळणारही नाही. आपलं आपल्यात." ती माझा हात धरून म्हणाली, "ताई, हे मला नाही करता येणार. आणि तुम्ही विचारलंत हे मला मॅनेजरना सांगावं लागेल." आणि खरंच सांगितलं. सोमवारी सकाळी त्यांचा फोन.

मी आईचं वाईट चिंतणार आहे का? माझ्याकडे पॉवर ऑफ ॲटर्नी आहे. परक्या कोणी नाही म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. या क्षेत्रातलं कोणी असेल तर सांगा, माझं कुठे चुकलं?

———

प्रेषक: निवृत्त वॉर्ड सिस्टर, बर्मिंगहॅम
विषय: उत्तर: आईच्या गोळ्या

ताई,

त्या मुलीवर राग धरू नका. माझ्या वॉर्डात रात्रपाळीला अशी एक असती तर मी निर्धास्त घरी गेले असते.

न सांगता अन्नातून औषध देण्याला इथे कव्हर्ट मेडिकेशन म्हणतात. त्याला सरसकट बंदी नाही. पण ते कोणा एकीने कानात सांगितल्यावरून करता येत नाही. मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ चा आहे, लागू झाला २००७ मध्ये. त्याची सुरुवातच अशी की प्रौढ माणसाला निर्णय घेता येतो असं आधी धरून चालायचं. समजावण्याचे शक्य ते सगळे प्रयत्न करायचे. निर्णय आपल्याला वेडेपणाचा वाटला तरी तेवढ्यावरून त्याची कपॅसिटी, म्हणजे निर्णय घेण्याची क्षमता, गेली असं म्हणायचं नाही. डिमेन्शियाचं निदान झालं म्हणून हे सगळं संपत नाही. त्या एका निर्णयापुरती, त्या वेळेची कपॅसिटी तपासायची असते. ती नाही असं ठरलं तर जीपी (नेहमीचे डॉक्टर), फार्मासिस्ट, होमची माणसं आणि तुम्ही मिळून तिच्या हिताचं काय ते ठरवायचं, लिहून ठेवायचं आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा तपासायचं. २०१६ मध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शनपुढे, म्हणजे स्वतः निर्णय घेता न येणाऱ्यांसाठीच्या कोर्टापुढे, अशीच केस आली होती. लपवून औषध देणं नीट नोंदलेलं आणि वेळोवेळी तपासलेलं असलंच पाहिजे, हे त्या निकालाने बजावलं.

फार्मासिस्ट का, तर काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात म्हणून तशा बनवलेल्या असतात. चुरली की सगळा डोस एकदम पोटात. शिऱ्यातून हे कोणाला दिसणार?

तुमची पॉवर ऑफ ॲटर्नी कोणती आहे ते कागद काढून बघा. पैशाअडक्याची वेगळी, आरोग्याची वेगळी. आरोग्याचीही तो निर्णय आईला घेता येत नाही तेव्हाच लागू होते, आणि तेव्हाही तुम्हाला तिच्या हिताचंच बघावं लागतं. मुलगी म्हणून आपोआप अधिकार मिळतो असं आपण सगळे धरून चालतो; इथल्या कायद्यात तसं नाही.

आता त्या मुलीबद्दल. मी नर्स होते, माझं नाव रजिस्टरवर होतं. चुकले असते तर ते काढून घेता आलं असतं. इंग्लंडमध्ये केअररचं तसं रजिस्टरच नाही. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये आहे. मिड स्टॅफर्डशरच्या हॉस्पिटलमधल्या हेळसांडीवर २०१३ मध्ये फ्रान्सिस अहवाल आला, त्याच वर्षी केअररसाठी आचारसंहिता निघाली, २०१५ पासून केअर सर्टिफिकेट, म्हणजे सुरुवातीचं प्रशिक्षण. पण दार लोटल्यावर खोलीत आई आणि केअरर, दोघीच. २०११ मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू नावाच्या खासगी हॉस्पिटलमध्ये लर्निंग डिसॅबिलिटी (बौद्धिक अक्षमता) असलेल्या माणसांना कसं मारलं, छळलं ते टीव्हीच्या छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं. पुढे अकरा जणांना शिक्षा झाली, सहा जण तुरुंगात गेले. तिथल्या एका सीनियर नर्सने आधीच तक्रार केली होती, ती कोणी मनावर घेतली नाही. मी तेव्हा नोकरीत होते. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी कोणी चहा घेतला नाही.

आज तुमच्या मायेखातर शिऱ्यात गोळी घालणारी, उद्या पाळीवर माणसं कमी आहेत म्हणून कोणी सांगितलं तर झोपेची गोळी घालेल. सवय तीच.

———

प्रेषक: सभासद, कॉव्हेन्ट्री
विषय: उत्तर: आईच्या गोळ्या

सिस्टर, मी वडिलांना शेवटची दोन वर्षं घरी गुळातून गोळ्या दिल्या. मग मी पाप केलं का? कायदा पाळता पाळता त्यांना स्ट्रोक आला असता तर?

———

प्रेषक: निवृत्त वॉर्ड सिस्टर, बर्मिंगहॅम

काका, तुम्ही दोन वर्षं वडिलांचं केलंत, त्याला मी पाप कशी म्हणेन? स्ट्रोकची भीतीही खरीच आहे. म्हणूनच असा निर्णय दिवसांत व्हायला हवा. ताई, होमला हे लेखी विचारा: महिनाभर औषधांच्या चार्टवर रोज 'नकार' लिहिला जात होता, तर जीपीला कोणी आणि कधी कळवलं? तिथे मला खरी चूक दिसते.

———

प्रेषक: केअरर (नाव मॉडरेटरकडे आहे)
विषय: उत्तर: आईच्या गोळ्या

नमस्कार. ती मुलगी मी नव्हे, मी दुसऱ्या शहरात काम करते. पण वाचून राहवलं नाही.

आपली माणसं भेटली की मला फार बरं वाटतं, आणि पोटात गोळाही येतो. ताई-काकू हक्काने सांगतात. "दोघी लागतात कशाला, तू एकटीच हॉइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) उचल, आई हलकी आहे." "ती पडली ते भावाला सांगू नकोस." दिवाळीला पाकीट पुढे करतात, ते परत देताना माझाच चेहरा पडतो. आईच्या वयाच्या बाईला नाही म्हणायला मला घरी कोणी शिकवलंच नाही.

माझा व्हिसा मालकाच्या स्पॉन्सरशिपवर आहे. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर परत. मागे एका सहकाऱ्याने पाळी सुरू होतानाच एका आजोबांची कूस रात्रभर बदलल्याच्या नोंदी आधीच भरून टाकल्या, ते मी सांगितलं. तक्रार करणाऱ्याला १९९८ च्या कायद्याने संरक्षण आहे हे मला माहीत होतं, तरी पुढचे दोन आठवडे जेवण गेलं नाही. त्या आजोबांच्या पाठीला जखम होती. गप्प राहिले असते तर त्यांना पुन्हा हात लावायची हिंमत झाली नसती.

ताई, तुम्ही तिच्याशी पहिल्यासारखं बोला. ती वाट बघत असेल.

———

प्रेषक: सभासद, लेस्टर
विषय: उत्तर: आईच्या गोळ्या

सिस्टर, काका, आणि तू, बाळा,

काल बैठक झाली. जीपीला खरंच कोणी कळवलं नव्हतं. मॅनेजरनी मान्य केलं आणि लेखी उत्तर देणार म्हणाले.

ती मुलगीही होती. तिने जे सांगितलं ते महिनाभरात मलाही सुचलं नव्हतं. गोळ्यांचा राउंड सकाळी आठला, आईची आंघोळ दहानंतर. आई तिला म्हणाली होती, "पारोशानं काय तोंडात घालू नये गो, बाय." स्टाफला ते नुसतं पुटपुटणं वाटायचं. जन्मभर आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय आईने पाणीही घेतलं नाही, आणि मी, तिची मुलगी, हे विसरले. फार्मासिस्टनी वेळ पुढे न्यायला हरकत नाही म्हटलं. आज आंघोळ झाल्यावर सकाळच्या दोन्ही गोळ्या तिने स्वतःच्या हाताने घेतल्या.

संध्याकाळची अजून नकोच म्हणते. त्यासाठी कपॅसिटी तपासणार आहेत, औषध पातळ स्वरूपात मिळतं का तेही बघणार आहेत.

सिस्टर, कागद काढला. माझी पॉवर ऑफ ॲटर्नी पैशांचीच निघाली. दुसरी करायला आईला आता ते समजायला हवं, आणि ती वेळ गेली असं सॉलिसिटर म्हणाले.

बुधवारी पुन्हा बोलावलंय. काय ठरतं ते कळवते.