नेटवर्क केबलच्या आठही तारा जोडल्यात ना, ते आधी बघा

दुकानाच्या ऑफिसातले चार कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडायचेत, कुठली केबल घ्यावी, असा प्रश्न वर एकाने विचारलाय, आणि त्यावर "कॅट ७ च घ्या" (कॅट म्हणजे नेटवर्क केबलची श्रेणी) असा सल्ला आलाय. माझ्या मते तो खर्च वाया जाईल. कॅट ५ई वरसुद्धा १ गिगाबिटचा (म्हणजे १००० एमबीपीएसचा) वेग १०० मीटरपर्यंत मिळतो. नवीनच घेताय तर कॅट ६ घ्या, बास. मात्र आतली तार शुद्ध तांब्याची आहे का, हे दुकानदाराला ठासून विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण वाकवताना लवकर तुटते.

माझ्याकडे एका कॉम्प्युटरला दोन वर्षं १०० एमबीपीएसच्या वर वेगच मिळत नव्हता. राउटर बदलायच्या बेतात होतो. शेवटी प्लग नीट पाहिला, तर केबल टाकणाऱ्याने आठपैकी चारच तारा जोडलेल्या! शंभर एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. नवा आरजे४५ (केबलच्या टोकाचा प्लग) क्रिम्प केला, म्हणजे दाबून बसवला, आणि त्याच दिवशी प्रश्न सुटला. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

घरगुती राउटरला बहुधा चारच लॅन पोर्ट (केबल लावायच्या जागा) असतात. पुढे प्रिंटरही जोडायचा असेल तर साधा गिगाबिट स्विच (पोर्ट वाढवणारा डबा) लावा, त्यात काही सेटिंग करावं लागत नाही. आणि विजेच्या वायरच्या पाइपातून ही केबल नेऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही आग्रह करू दे.