‘यादृच्छिक’ या शब्दाचा नेमका अर्थ आणि व्युत्पत्ती

प्रश्न

संख्याशास्त्रात ‘यादृच्छिक नमुना’ असे म्हणतात, आणि भाषाविज्ञानात ‘शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो’ असे विधान आढळते. पहिल्या ठिकाणी कोण निवडले जाईल हे आधी सांगता येत नाही, हे समजते. दुसऱ्या ठिकाणी मात्र अनिश्चितता दिसत नाही, कारण ‘झाड’ म्हटले की प्रत्येक मराठी भाषकाला झाडच कळते. मग दोन्हीकडे एकच शब्द कसा? हा शब्द ‘यद्’ आणि ‘इच्छा’ यांपासून झाला असून त्याचा अर्थ ‘मनाला येईल तसे’ असा आहे, असेही वाचनात आले. ते खरे असेल, तर सरळ ‘लहरी’ का म्हणू नये?

प्रतिसाद १

‘यद्’ आणि ‘इच्छा’ यांचा संधी ‘यदिच्छा’ असा होईल. ‘यदृच्छा’मधला ऋकार त्यातून येऊच शकत नाही. हा ऋकार ‘ऋ’ म्हणजे जाणे, पोहोचणे या धातूचा आहे. त्याचे वर्तमानकाळी रूप ‘ऋच्छति’ असे होते. तेव्हा ‘यदृच्छा’ म्हणजे जे सहज येऊन पोहोचते, घडून येते ते. त्याला ‘इक’ प्रत्यय लागून आद्य स्वराची वृद्धी झाली आणि ‘यादृच्छिक’ हे विशेषण तयार झाले. ‘यादृश्चिक’ हे लेखन सर्रास दिसते, पण ते अशुद्ध आहे.

प्रतिसाद २

वरील व्युत्पत्तीला जुन्या ग्रंथांचा चांगला आधार मिळतो. श्वेताश्वतर उपनिषदाच्या पहिल्याच अध्यायात जगाचे कारण कोणते याचा विचार करताना काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा अशी नावे ओळीने येतात. नियतीच्या शेजारी तिच्याहून वेगळी म्हणून यदृच्छा मांडलेली आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. गीतेत ‘यदृच्छालाभसन्तुष्टः’ (४.२२) असे पद आहे आणि शांकरभाष्यात यदृच्छालाभ म्हणजे न मागता आलेला लाभ, असा त्याचा अर्थ दिला आहे. म्हणजे भर आहे तो मागणी, योजना, हेतू यांच्या अभावावर, गोंधळावर नाही.

तुमच्या दुसऱ्या उदाहरणाचे मूळ व्याकरणात सापडते. पतंजलींनी महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द आणि क्रियाशब्द यांच्यानंतर चौथा वर्ग ‘यदृच्छाशब्दां’चा सांगितला आहे. वस्तूची जात, गुण किंवा क्रिया यांपैकी कशाचाही आधार नसताना केवळ ठेवले म्हणून रूढ झालेले नाव या वर्गात मोडते. येथे वक्त्याची इच्छा अर्थात शिरते, हे मान्य केले पाहिजे, आणि ‘यद् + इच्छा’ ही समजूत बहुधा त्यामुळेच टिकून आहे. भाषावैज्ञानिक जेव्हा शब्दार्थसंबंधाला यादृच्छिक म्हणतात, तेव्हा वस्तूच्या अंगी त्या ध्वनींचे कारण नाही, एवढेच त्यांना सांगायचे असते. संबंध एकदा रूढ झाला की तो पक्काच असतो.

संख्याशास्त्रात कारणाचा हाच अभाव मुद्दाम घडवून आणतात. निवडणाऱ्याच्या आवडीनिवडीला वाव राहू नये म्हणून निवड चिठ्ठ्यांवर किंवा यादृच्छिक संख्यांवर सोपवली जाते. त्यामुळे एकेक निकाल आधी कळत नाही, पण समूहाबद्दल मात्र बरेच सांगता येते: निर्दोष नाणे १०० वेळा उडवले, तर छाप्यांची संख्या बहुतेक वेळा ४० ते ६० यांच्या दरम्यान राहते. लहरी माणसाविषयी असे कोणतेही गणित मांडता येत नाही, आणि लहरीने केलेली निवड ही त्याच्या मनाचीच निवड असते. म्हणून ‘लहरी नमुना’ हा नेमका उलट अर्थाचा प्रयोग ठरेल.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. मग हवामानाला यादृच्छिक म्हणणे कितपत योग्य?

प्रतिसाद २

सरसकट म्हणू नये. हवामानाला भौतिक कारणे असतात. सुरुवातीच्या स्थितीतील अतिसूक्ष्म फरक पुढे वाढत जातो, म्हणून दूरचा अंदाज चुकतो. तेथे ‘अनिश्चित’ किंवा ‘बेभरवशाचे’ हे शब्द अधिक नेमके आहेत, आणि ललित लेखनात ‘लहरी’ शोभून दिसतो.