एमआरआयमध्ये गुडघ्याची गादी फाटलेली दिसतेय, ऑपरेशनने खरंच फरक पडतो का?

लंगडा_घोडा:
मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. वय ४८. तीनेक महिने झाले, उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतोय. पडलो नाही, मुरगळला नाही, एक दिवस जिना उतरताना कळ आली आणि तेव्हापासून हे सुरू. एमआरआय काढला तर मेनिस्कस, म्हणजे ती आतली गादी, फाटलीय असा रिपोर्ट आला, वर कूर्चेची (हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) थोडी झीज. सर्जन म्हणाले दुर्बिणीतून फाटलेला भाग कापून साफ करू, लगेच चालायला लागाल. मी जवळजवळ तारीख घेतलीच होती तेवढ्यात मेव्हण्याने फोनवर सांगितलं की असल्या ऑपरेशनवर संशोधन झालंय, काही पेशंटांना म्हणे नुसतं वरवर कापून परत शिवलं आणि तेही तितकेच बरे झाले. मला ही व्हॉट्सॅप युनिव्हर्सिटी वाटली. खरं काय आहे? आणि नाही केलं तर गादी अजून फाटत जाऊन गुडघा कायमचा जाईल का, ही भीती वेगळीच.

रिकामटेकडी_वाचक:
मेव्हणे बरोबर सांगतायत, थापा नाहीत त्या. पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत ह्यूस्टनला झाला, २००२ मध्ये छापून आला. झीज झालेल्या गुडघ्याचे १८० पेशंट, काहींची खरी दुर्बीण, काहींना फक्त कातडीवर तीन छोटे छेद. त्या खोट्या गटात सर्जन हत्यारं मागायचा, गुडघा वाकवायचा आणि आत धुतल्याचा आवाज यावा म्हणून पाणीसुद्धा उडवायचा, म्हणजे नाटक अगदी साग्रसंगीत! दोन वर्षं बघितलं, दुखण्यात काही फरक नाही.

पण तुम्हाला जास्त लागू पडतो तो फिनलंडचा २०१३ चा. १४६ जण, वय ३५ ते ६५, तुमच्यासारखीच हळूहळू झिजून फाटलेली गादी आणि एक्सरेत संधिवात नाही असे. आधी सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घालून बघितलं आणि मग तिथेच चिठ्ठीचं पाकीट फोडून ठरवलं की याची गादी कापायची की नुसतं नाटक करायचं. वर्षभराने दोन्ही गट सारखेच. पाच वर्षांनी परत तपासलं तेव्हाही सारखेच. २०१७ मध्ये तर बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात झिजलेल्या गुडघ्यावर जवळजवळ कोणालाच दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका अशी ठाम शिफारस आली.

ढोपरफुटी:
थांबा थांबा, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. मी २६ व्या वर्षी खेळताना एसीएल (गुडघा आतून धरून ठेवणारा स्नायुबंध) तोडलं, सोबत गादीचा तुकडा दुमडून मध्ये अडकला, गुडघा सरळच होईना. अशा वेळी बसून व्यायाम करा म्हणणं म्हणजे चेष्टा आहे, माझी गादी शिवली (कापली नाही, शिवली) आणि ते योग्यच होतं. वरचे प्रयोग अशा पेशंटांवर नाहीत. बाकी कापण्यापेक्षा शिवणं का बरं, तर पूर्वी अख्खी गादीच काढायचे आणि १९४८ मध्येच फेअरबँक नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने एक्सरे दाखवून सांगितलं होतं की गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे बदल होत जातात. गादी वजन वाटून घेते हो, ती गेली की सगळा भार कूर्चेवर.

आणि एसीएलवालेही ऑपरेशन म्हणजे विमा समजतात, तसं नाहीये. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर प्रयोग झाला, अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन अधिक व्यायाम, अर्ध्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोघांचं सारखंच, व्यायामवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना तोवर ऑपरेशन लागलंच नाही. पाच वर्षांनी मात्र निम्म्यांनी करून घेतलेलं होतं हेही सांगतो, नाहीतर म्हणाल लपवलं. मला आता सर्जनपेक्षा पुढच्या संधिवाताचीच भीती जास्त, कारण एसीएल किंवा गादी फाटलेल्यांपैकी सरासरी निम्म्या लोकांना १० ते २० वर्षांत तो होतो असं वाचलंय आणि ऑपरेशनने ते टळतं असा पक्का पुरावा नाही.

मांडीबळकट (फिजिओ):
घोडासाहेब, आधी एक सांगा, गुडघा अडकतो का? म्हणजे वाकवलेला परत सरळच होत नाही असं? नुसता टकटक आवाज येणं वेगळं.

आणि रिपोर्टने घाबरू नका. अमेरिकेत फ्रेमिंगहॅममध्ये दुखतंय की नाही हे न विचारता जवळपास हजार लोकांचे एमआरआय काढले, ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना महिनाभरात गुडघा दुखला, आखडला काहीच नव्हतं. म्हणजे फाटलेलं दिसतंय म्हणून तेच दुखतंय असं नाही. केस पांढरे होतात तशी गादीही जुनी होते.

लोक विचारतात मग ऑपरेशननंतर बरं कसं वाटतं? दुखणं चढतं-उतरतं, माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा ते शिगेला असतं, त्यामुळे पुढे काहीही केलं तरी थोडं उतरतंच. श्रेय मात्र शेवटचा उपाय घेऊन जातो.

तुमच्यासाठी मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंचे व्यायाम, आठवड्यातून दोन-तीनदा, किमान तीन महिने. दुखलं तर बंद करू नका, व्यायामात उचलायचं वजन कमी करून चालू ठेवा. अजून एक मोठा अमेरिकन प्रयोग आहे ३५१ लोकांचा, गादी फाटलेली आणि थोडा संधिवात, सहा महिन्यांनी ऑपरेशन आणि फिजिओ सारखेच निघाले. फिजिओवाल्यांपैकी ३० टक्क्यांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे व्यायाम करून नाही जमलं तर तो दरवाजा उघडाच आहे. उलटं नाही होत, कापलेली गादी परत येत नाही.

लंगडा_घोडा:
धन्यवाद सगळ्यांना, डोकं गरगरलं पण बरं वाटलं. अडकत नाही, फक्त उकिडवं बसून उठताना टकटक. एकाने ते रक्तातून काढतात ते पीआरपी सुचवलंय, दुसऱ्याने स्टेरॉइड. ते काय?

रिकामटेकडी_वाचक:
पीआरपी ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनसमोर तपासलं, २०२१ चं आहे, वर्षभराने दुखण्यात काही खास फरक नाही आणि कूर्चाही वाचली नाही. स्टेरॉइडने काही आठवडे आराम पडतो पण दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दिलं तर कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांइतकंच राहिलं, हा २०१७ चा प्रयोग. मजा म्हणजे स्प्रिफर्मिन नावाच्या एका औषधाने कूर्चा खरंच थोडी जाड झाली पण लोकांचं दुखणं काही कमी झालं नाही! तेव्हा कूर्चा आणि दुखणं यांचं गणित सरळ नाहीच.

मांडीबळकट (फिजिओ):
+१. आणि वजन जास्त असेल तर तिकडे लक्ष द्या, एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे मोजून बघितलेलं आहे. टकटक सोडून द्या, दुखत नसेल तर तो नुसता आवाज. पण कधी गुडघा खरंच अडकला, सुजून टम्म झाला किंवा चालताना दगा द्यायला लागला तर व्यायाम करत बसू नका, परत दाखवा.

लंगडा_घोडा:
ठीक आहे. सर्जनना फोन करून सांगितलं तीन महिने व्यायाम करून बघतो, ते म्हणाले बघा, घाई नाहीच होती. (मग तारीख का देत होते देव जाणे.) सोमवारपासून फिजिओ सुरू. मेव्हण्याला एवढ्यात काही सांगत नाही, डोक्यावर बसेल.