चर्चा: तक्रार समिती कॉलेजातच हवी, की गावाबाहेर?

वर्धाकाठ: ग्रामीण कॉलेजातल्या लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी त्याच कॉलेजातल्या माणसांनी करू नये, असं माझं मत झालंय. मी यवतमाळ जिल्ह्यात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे, नाहीतर नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कॉलेजांसाठीचे 2015 चे विनियम कागदावर चांगले आहेत. तक्रार समितीच्या अध्यक्षपदी वरिष्ठ प्राध्यापिका, दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर, प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी आणि बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती. निदान निम्म्या बायका. आता हे आमच्याकडे बसवून बघा. कायम प्राध्यापिका एखादीच, कुठे तीही नाही. मग सीएचबीवाली बसवतात, जिची पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच संस्थेच्या हातात असते. शिक्षकेतर म्हणजे अध्यक्षांचा पुतण्या नाहीतर साळा. बाहेरची व्यक्ती म्हणजे सचिवांच्या ओळखीच्या वकीलबाई. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक आली की फाईल तयार, सह्या तयार, बैठकांचं इतिवृत्त एकाच पेनाने एकाच दुपारी लिहिलेलं.

आणि गोपनीयता? कायद्याच्या कलम 16 मध्ये आहे. पण पोरगी समितीच्या खोलीतून बाहेर यायच्या आत बसस्टँडवरच्या पानठेल्यावर तिचं नाव पोचलेलं असतं. म्हणून पाच-सहा कॉलेजांना मिळून विद्यापीठाने एक समिती द्यावी, त्यात त्या तालुक्यातलं कोणी नको.

निवृत्त_मास्तर: मॅडम, हेतू चांगला, उपाय मुलींच्या गैरसोयीचा. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या बारावीपर्यंतच्या मुलींसाठी. पुढे पास काढून लालपरीने ये-जा. चौकशीच्या तारखेला ती चाळीस किलोमीटर दूर जाणार, तर घरी काय सांगून जाणार? बापाला कळलं की पहिला निर्णय तिची चूक कोणती हा नसतो, तिचं कॉलेज बंद हा असतो. मग स्थळं बघणं सुरू.

मी ज्या कॉलेजात होतो तिथे एका बाईंचा दरारा एवढा होता की समितीचं नावही कोणाला माहीत नव्हतं. एका लॅब अटेंडंटच्या सवयी कानावर आल्या, बाईंनी त्याला खोलीत बोलावलं, आठ दिवसांत तो संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात. ना कागद, ना बोभाटा, ना पोरीचं नाव.

इंद्रावतीकाठ: आणि दुसऱ्या कॉलेजातल्या पोरींचं काय, मास्तर?

बोंडअळी: काहून एवढा बाऊ करून राह्यले बाप्पा? दुसरी बाजू कोणी सांगतच नाई. आमच्या ओळखीच्या एका सरनं इंटरनलले मार्क कमी देल्ले, तं लागलीच तक्रार. काही सिद्ध झालं नाई, पन मानूस गावातून उठला. त्याच्या पोट्ट्यांले शाळेत चिडवत. आन एक सांगा, झालं होतं दिवाळीच्या आधी, तं पोट्टी उन्हाळ्यात काहून बोलली? तेव्हाच काहून नाई?

वर्धाकाठ: कारण इंटरनलचे मार्क त्याच्याच हातात होते. निकाल लागेपर्यंत पोरगी गप्प बसते. तक्रारीची मुदत तीन महिने, समितीने कारण मान्य केलं तर आणखी तीन. सेमिस्टर संपून गुणपत्रक हाती येतं तोवर पहिले तीन महिने गेलेले असतात. चौकशी चालू असताना त्या माणसाला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं, ही तरतूद विनियमात आहे. ती किती मुलींना कोणी सांगितली?

कोर्टाची_पायरी: बोंडअळी, सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्याच कायद्याच्या कलम 14 मध्ये दुष्ट हेतूने मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाई आहे, पण पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. तुमच्या त्या सरांना गावातून उठावं लागलं ते समितीमुळे नाही, पानठेल्यामुळे. म्हणजे गोपनीयता तुमच्याही कामाची आहे.

इंद्रावतीकाठ: "तेव्हाच काहून नाई" हा प्रश्न आमच्या गडचिरोली जिल्ह्याला जुना आहे. 1972 ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, ओरडल्याचं पटत नव्हतं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी 1979 ला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 ला बलात्काराचा कायदा बदलला. देसाईगंज हे आपल्याच झाडीपट्टीतलं गाव आहे, दिल्ली-मुंबईचं नाही.

आणि या धाग्यात सगळे फक्त छळावर बोलताहेत, भेदभाव कोणीच काढला नाही. मी गोंडवाना विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात शिकले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की वर्गात आवाज, "एसटीवाल्यांनी हात वर करा." मग दिवसभर कॉरिडॉरमध्ये कुजबूज. गोटुलवरून, म्हणजे आम्हा आदिवासींच्या तरुण मुलामुलींच्या एकत्र जमण्याच्या घरावरून, चावट प्रश्न विचारणारे विद्यार्थीच नव्हते, एक प्राध्यापकही होते. "तुमच्यात तर चालतं ना" असं म्हणत खांद्यावर हात. आता सांगा, मी ही तक्रार कुठे देऊ? भेदभावासाठी यूजीसीचे 2012 चे समतेचे वेगळे विनियम, त्यात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी. छळासाठी दुसरी समिती. माझ्या खांद्यावरचा हात एकच होता. एका टेबलावर अर्धी गोष्ट सांगायची, दुसऱ्यावर उरलेली?

निवृत्त_मास्तर: हे मात्र मी वर्गात पाहिलंय. हात वर करायला लावणं. वाईट वाटायचं, पण अर्ज वेळेत भरले जावेत म्हणून चालायचं.

इंद्रावतीकाठ: यादी ऑफिसात असते, मास्तर. मोबाईलवर निरोप देता येतो.

कोर्टाची_पायरी: मूळ मुद्द्याला दोन गोष्टी जोडतो. 2015 च्या विनियमांप्रमाणे कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशी वरिष्ठ पदावरची माणसं समितीवर नसावीत. आता एका विषयाला एकच प्राध्यापक असलेल्या कॉलेजात प्रत्येक जण विभागप्रमुखच! नियम करणाऱ्यांनी आपलं कॉलेज पाहिलेलं नसावं.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. गावाबाहेरचं दार कायद्यात आधीच आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, सचिव यांच्याविरुद्धची तक्रार त्यांच्याच कॉलेजात द्यायची गरज नाही. ग्रामीण आणि आदिवासी भागात प्रत्येक तालुक्याला एक नोडल अधिकारी नेमायचा, त्याने तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची. मास्तरांचा बसभाड्याचा प्रश्न निदान अर्ज देण्यापुरता सुटतो. पण साध्या प्राध्यापकाविरुद्ध हे दार उघडत नाही, तिथे मॅडमचं म्हणणं उरतंच.

वर्धाकाठ: तेवढ्यासाठीच भांडते आहे. अर्ज कॉलेजात घ्या, चौकशी बाहेरच्यांनी करा, आणि तारखेला बाहेरच्यांनी इथे यावं. पोरीने कशाला जायचं? पेपर तपासायला प्राध्यापकांना प्रवासभत्ता मिळतो, तसा यालाही द्या.

निवृत्त_मास्तर: चौकशी करणारे येणार असतील तर माझा अर्धा विरोध गेला. अर्धा ठेवतो. गावात अनोळखी गाडी कॉलेजसमोर थांबली की कोणासाठी आली हे शोधायला आपल्या लोकांना तास लागत नाही.

बोंडअळी: हे मास्तरचं खरं हाये. पन आमच्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोन, ते सांगा ना कोणी. तहसीलच्या फलकावर तं मले दिसला नाई.

कोर्टाची_पायरी: जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाव आलं की इथे टाका. आणि कॉलेजच्या मुलींच्या खोलीतही लावा, ऑफिसच्या फलकावर नको.