मावशी म्हणते "सिद्धेश्वर महाराज बघून घेतील": हा आधार की पळवाट?

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

विषय घरचाच आहे, पण चार लोकांचं मत हवंय म्हणून इथं टाकतोय.

माझी मावशी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेली, एकटी राहते. आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, त्यामुळे उन्हाळाभर त्यांची सोसायटी टँकर मागवते. वार्षिक सभेत मावशीनं एवढंच विचारलं, "टँकरच्या पावत्या बघायला मिळतील का?" झालं! त्याच रात्री तिला सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं. लिफ्टमध्ये ती शिरली की बायका मोबाइलमध्ये डोकं घालतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मजल्यावरच्या बाकी तिन्ही घरांत बोलावणं गेलं, हिला नाही. कामवालीलासुद्धा कुणीतरी सांगितलं, "त्यांच्याकडं कशाला जातीस, फार कटकटी बाई आहे."

मी म्हणतो अर्ज करू. ती रोज संध्याकाळी आपल्या सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसते आणि मला सांगते, "महाराज बघून घेतील, त्यांच्या पायाशी ठेवलंय मी सगळं." चेहरा एकदम शांत. मला त्या शांतपणाचाच राग येतो. माझं मत स्पष्ट आहे: देवावर भार टाकला की माणूस स्वतःचा हात काढून घेतो, आणि ज्यांनी पैसे खाल्लेत (खाल्ले असतील तर) ते मजेत राहतात.

शेंगाचटणी

काय बे, भांडण मावशीचं, झोप तुझी उडाली! त्या निवांत आहेत की.

टॉवेलवाला_अशोकचौक

आम्ही पद्मशाली, विणकर समाज. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा आमचा अख्खा पूर्व भाग रस्त्यावर असतो. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी यम न्यायला आला, पोरानं पिंडीला मिठी मारली आणि सोडलीच नाही. आमच्या धंद्यात वाईट दिवस आले, दोन लूम भंगारात गेले, येणेकरी दारात आणि सख्खे भाऊ त्यांच्या बाजूनं बोलायला लागले, तेव्हा मी देवळातच जाऊन बसत होतो. तिथून उठून परत कारखान्यात जायची ताकद यायची. पळवाट म्हणणाऱ्यांवर तशी वेळ आली नसावी.

हिशेबनीस

मार्कंडेयासाठी शंकर पिंडीतून बाहेर आला म्हणतात. टँकरच्या पावत्या कुठल्याच पिंडीतून बाहेर येणार नाहीत. त्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 आहे. कलम 83 खाली निबंधकांकडून चौकशी लावता येते. ते हातात असताना "महाराज बघतील" म्हणणं म्हणजे समोरच्याला रान मोकळं सोडणं.

दुसरी गोष्ट. त्या चेअरमनच्या गाडीवरपण मागच्या काचेला "भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे" लिहिलेलं असणार, अक्कलकोट जवळच आहे आपल्याला. स्वामी नक्की कुणाच्या पाठीशी आहेत मग? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजामागं "हर्र बोला हर्र" म्हणताना दोघंही शेजारी उभे असतील. विरोधकाचा देव वेगळा असता तर तुमचं म्हणणं सोपं झालं असतं.

मंगळवेढेकर

हिशेबनीस, गाडीच्या काचेचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडं. पण शरण जाणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, हे आमच्या गावाला सांगू नका. मंगळवेढ्याची तीनच माणसं घ्या.

दामाजीपंत. दुष्काळात माणसं मरत होती, यांच्या ताब्यात बादशहाची धान्याची कोठारं. परवानगी न घेता उघडली. बेदरहून बोलावणं आलं, आणि परंपरा सांगते की विठोबानं विठू महार होऊन दरबारात रक्कम भरली. म्हणजे पंत वाचले.

कान्होपात्रा. बेदरच्या बादशहानं न्यायला माणसं पाठवली, ती पंढरपूरला देवळात शिरली आणि तिथंच प्राण सोडला. देवळातलं तरटीचं झाड तिचं म्हणून दाखवतात.

चोखोबा. जन्मभर विठ्ठल विठ्ठल केलं, आणि 1338 साली मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून त्याखाली गेले.

एकजण वाचला, दोघं गेले. आमच्या आज्या तिघांचीही नावं एकाच दमात घेतात, कुणाचा आधार खोटा ठरला असं कुणी म्हणत नाही. विमा आणि देव यात त्यांना फरक कळत होता. देव संकट टाळेल ही अट त्यांनी घातलीच नव्हती.

हिशेबनीस

तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. पंतांनी आधी कुलूप उघडलं, विठोबा नंतर आला. मावशींनी कुठलं कुलूप उघडलंय?

टॉवेलवाला_अशोकचौक

भर सभेत पावत्या कुणी मागितल्या ओ? तुम्ही तुमच्या सोसायटीत मागितल्यात का कधी?

पंढरीची_लेक

मी दोन्ही बाजूंवर नाराज आहे.

चोखोबांचं नाव एवढ्या सहज घेऊ नका. ज्याला शरण गेले त्याच्या देवळात त्यांना पाऊल ठेवता आलं नाही. समाधीसुद्धा महाद्वारासमोर, बाहेर. "बघा, भिंत पडली तरी श्रद्धा ढळली नाही" हे ऐकायला आत उभं असणाऱ्यांना गोड वाटतं. ते दार दलितांना उघडायला 1947 साल उजाडलं, तेही साने गुरुजींनी 1 ते 10 मे उपोषण केलं तेव्हा.

आणि हिशेबनीस, गुरुजी नास्तिक नव्हते हे विसरू नका. उपोषणाच्या आधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांचं मन वळवलं. पंढरपुरात विरोध करणारेही विठ्ठलाचंच नाव घेत होते. तुमचा गाडीच्या काचेवाला प्रश्न तिथंही होता. विठ्ठल कुणाचा याचा निकाल कुठून लागणार? पण दाराबाहेर कोण आहे ते तर दिसतं ना. टँकरच्या भानगडीत ग्रुपबाहेर कोण आहे तेही दिसतंय.

शेंगाचटणी

ताई, हे मान्य. मघाचा विनोद जाऊ द्या.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

काल हा धागा मावशीला वाचून दाखवला. मार्कंडेयाला मान डोलावली, दामाजीपंतांना हसली. मग म्हणाली, "अर्ज करायला मी नाही कधी म्हटलं? तुझ्या तावातावात करायचा नाही, एवढंच म्हटलं. त्यांना चोर म्हणायला माझ्याकडं पुरावा कुठाय? पावती बघायचीय फक्त." तिच्या वहीत अर्धा मसुदा होता, शिक्षिकेच्या अक्षरात, समास सोडून. शेवटी सह्यांसाठी रेघा मारल्यात. कलम 83 च्या अर्जाला एक-पंचमांश सभासद लागतात, हे तिला माझ्याआधी माहीत होतं. 40 फ्लॅट म्हणजे आठ जण. तिच्याकडं आतापर्यंत दोनच सह्या आहेत. लिफ्टमधली एकही नाही.

माझा राग गेलेला नाही. आठ सह्या नाही झाल्या तर महाराज सही करणार आहेत का, असं मी विचारलं. तिनं वही मिटली आणि चहा टाकायला उठली.

मंगळवेढेकर

नाही झाल्या तरी त्या संध्याकाळी देवळात जाणारच. आणि दुसऱ्या दिवशी नवव्या दाराची बेल वाजवणार, असा माझा अंदाज आहे. देवळात न जाता हे जमणारी माणसं असतील, मी फार कमी पाहिलीत.

हिशेबनीस

मी आहे की एक. देवळाशिवाय तीन सोसायट्यांचे हिशेब बाहेर काढलेत, आणि तिन्हीकडं शिव्या खाल्ल्यात, तेव्हा हे काही मला पटत नाही.

बाकी कामाचं सांगतो. आठ होईपर्यंत थांबायची गरज नाही, निबंधक स्वतःहूनही चौकशी लावू शकतात. दोन सह्यांवर तक्रार द्या. आधी सोसायटीला कागदपत्रं बघायला मागितल्याचं लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या, मग ते तक्रारीला जोडा. "भ्रष्टाचार" शब्द कुठंही नको, मावशींचं तेवढं बरोबर आहे. आणि उपनिबंधकांच्या ऑफिसात आवक नंबर हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.