मदत हवी आहे: पाचवी ते आठवीच्या ग्रंथालयासाठी कोणतं शैक्षणिक सॉफ्टवेअर?

नमस्कार मंडळी. आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आहे. माजी विद्यार्थ्यांनी सहा जुने संगणक दिलेत, प्रत्येकी ४ जीबी रॅम. इंटरनेट मात्र लहरी, त्यामुळे ऑफलाइन चालेल असंच काहीतरी हवं.

विक्रेते येतात ते पाठ्यपुस्तकावरचे अॅनिमेशन धडे घेऊन, वर दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे. तेच धडे वर्गात होतात, ग्रंथालयात पुन्हा कशाला? मुलांनी आपणहून शोधाशोध करावी असं मला वाटतं. म्हणून सध्या डोळ्यासमोर कोलिब्री हे ऑफलाइन शिकण्याचं सॉफ्टवेअर आहे: एका संगणकावर साहित्य उतरवून ठेवलं की बाकीचे लोकल नेटवर्कवरून ते वापरू शकतात. जोडीला किविक्सवर (इंटरनेटशिवाय वाचायचं अॅप) मराठी विकिपीडिया, भूमितीच्या आकृत्यांना जिओजेब्रा, विज्ञानाला फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग (काही मराठीतही आहेत). सगळं फुकट. जीकॉम्प्री हा शैक्षणिक खेळांचा संच पाहिला, पण तो दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आठवीची पोरं नाक मुरडतील.

ज्यांनी शाळेत कोलिब्री चालवलंय त्यांना विचारायचंय: सर्व्हर म्हणून असला जुना संगणक पुरतो का, की वेगळा घ्यावा? उबुंटू (लिनक्स) टाकावं की विंडोजच ठेवावं? आणि मराठीतलं साहित्य नेमकं कुठून भरलंत? इंग्रजी व्हिडिओ ढिगाने मिळतात, पण आमच्या पाचवीला त्यांचा काय उपयोग! मुख्याध्यापकांना यादी लवकरच द्यायची आहे.