पावसात रंधा नको

पावसात खिडक्या लागत नाहीत म्हणून सुतार पल्ले रंधून घ्या म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. आत्ता नका करू बाप्पा! नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी हेच केलं होतं. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, सागवान आकसलं आणि फटींतून गरम झळा थेट आत. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की मग बघा नेमकं काय घासतंय. बरेचदा बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन पल्लाच खाली लोंबलेला असतो. तावदानांना लांबी (काच पक्की बसवायची पुट्टी) मात्र घरीच मळा, खडूची भुकटी नि जवसाचं तेल (जवस तर आपल्या विदर्भातलंच!). रंग लावायच्या आधी ती दोन-तीन आठवडे वाळू द्या. आणि हो, जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून खरवडा.